हरणाची नोंद आणि पानगृह : विस्कॉन्सिनमधील शिकारी-समाजाचा एक विशेष

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विस्कॉन्सिन राज्यात नोव्हेंबर महिन्याच्या उत्तरार्धात, 'थँक्सगिव्हिंग' या सणाच्या आधीच्या शनिवारी, बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. या हंगामासाठी परवाना घेणाऱ्यांची संख्या अलीकडच्या वर्षांत साडेपाच लाखांच्या आसपास आहे, आणि राज्याची एकंदर लोकसंख्या साठ लाखांच्या थोडी आत आहे. काही परवानाधारक बाहेरच्या राज्यांतून येतात हे खरे. तरीही हा छंद मूठभर श्रीमंतांचा नाही एवढे या प्रमाणावरून स्पष्ट व्हावे. कारखान्यातील कामगार, दुधाचा धंदा करणारा शेतकरी, शाळामास्तर, ट्रक चालविणारा, असे सर्व थरांतील लोक या नऊ दिवसांत भडक नारिंगी रंगाचे कपडे घालून रानात शिरतात. हा रंग तेथे १९८० मध्ये कायद्याने सक्तीचा झाला.

या शिकाऱ्यांचा गावोगावच्या पानगृहांशी, ज्यांना तेथे 'टॅव्हर्न' म्हणतात त्यांच्याशी, आणि त्या पानगृहांना बिअर पुरविणाऱ्या कारखान्यांशी जो संबंध जडलेला आहे, त्याची उपपत्ती लावण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. वरवर पाहणारा मनुष्य या संबंधाचे कारण एका वाक्यात सांगून मोकळा होतो : थंडी कडाक्याची, माणसे घरापासून दूर, तेव्हा पिणे ओघानेच आले. हे उत्तर खोटे नसले तरी त्याने फारसे काही उलगडत नाही. बव्हेरियातही थंडी आहे, बिअर आहे आणि शिकारीही आहेत; परंतु तेथील शिकारी व पानगृह यांचे नाते अगदी निराळ्या घडणीचे आहे. मद्यपानाची आवड हे सर्वत्र आढळणारे कारण पुढे करून एका प्रदेशाचा विशेष स्पष्ट करता येत नाही, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यास निराळे सांगावयास नको.

आपल्याकडच्या वाचकाला येथे एक अडचण जाणवेल. मराठीत 'शिकारी' म्हटले की एक तर संस्थानिक आणि त्याचा हत्ती डोळ्यांपुढे उभा राहतो, नाही तर पारध करून पोट भरणारी जमात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार जवळजवळ सर्वस्वी बंद झाली असल्यामुळे तुलनेला जिवंत उदाहरणही उरलेले नाही. विस्कॉन्सिनचा हरिण-शिकारी यांपैकी कोणत्याच चौकटीत बसत नाही. तो उपजीविकेसाठी मारीत नाही, पण मारलेले हरीण घरी नेऊन वर्षभर खातो. त्याला मान हवा असतो, पण तो देणारा दरबार नसतो. तो मान त्याला कोठे मिळतो, या प्रश्नातच पानगृहाच्या महत्त्वाचे बीज आहे.

प्रथम इतिहासाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विस्कॉन्सिनमध्ये जर्मन वसाहतवाल्यांचे लोंढे आले आणि त्यांच्याबरोबर बिअर तयार करण्याची विद्याही आली. पॅब्स्ट, श्लिट्झ, मिलर, ब्लाट्झ ही मिलवॉकी शहरातील नावे सर्वश्रुत आहेत. पण आपल्या दृष्टीने लहान गावांतले कारखाने अधिक महत्त्वाचे. स्टीव्हन्स पॉइंट येथील कारखाना १८५७ चा, तर चिपेवा फॉल्स येथील जेकब लाइननकूगल याचा १८६७ चा. चिपेवा फॉल्स हे त्या वेळी लाकूड कापणाऱ्यांचे गाव होते. उत्तरेकडील पाइन वृक्षांची अरण्ये तोडून ओंडके नदीतून खाली सोडावयाचे आणि गिरण्यांत चिरावयाचे, हा तेथला मुख्य उद्योग. तेव्हा या कारखान्याचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे लाकूडतोड्या. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अरण्ये संपली, लाकूडतोडे पांगले, आणि मागे बुंध्यांनी भरलेली उजाड भूमी उरली. तिच्यावर शेती वसविण्याचे प्रयत्न बहुतेक ठिकाणी फसले. आणि मग जे झुडपी रान माजले ते पांढऱ्या शेपटीच्या हरणाला मूळच्या घनदाट अरण्यापेक्षाही मानवले. कोवळा पाला हाताशी, लांडगे जवळजवळ नष्ट झालेले, अशा स्थितीत हरणांची संख्या झपाट्याने वाढली. ज्या टॅव्हर्नमध्ये पूर्वी लाकूडतोड्या बसत असे तेथे शरद ऋतूच्या अखेरीस शिकारी येऊन बसू लागला. एकाच अर्थोत्पादक घटनेने, म्हणजे अरण्यतोडीने, प्रथम एक गिऱ्हाईक दिले, नंतर ते नेले, आणि अप्रत्यक्षपणे दुसरे आणून दिले. बिअरच्या व्यापाराचा इतिहास लिहिणारे या दुव्याकडे क्वचितच लक्ष देतात.

मद्यबंदीचा काळ १९२० ते १९३३ असा. त्यापूर्वी मोठे कारखाने स्वतःची पानगृहे बांधीत किंवा मालकाला कर्ज देऊन आपल्या बिअरशी बांधून घेत. मिलवॉकीतील जुन्या इमारतींच्या माथ्यावर श्लिट्झचा पृथ्वीगोल आजही पाहावयास मिळतो तो या पद्धतीचा अवशेष होय. मद्यबंदी उठल्यावर कायद्याने ही बांधिलकी निषिद्ध केली. उत्पादक, घाऊक विक्रेता आणि किरकोळ विक्रेता यांच्यामध्ये भिंती उभ्या केल्या. परिणाम मोठा मनोरंजक झाला. कारखानदाराला पानगृह विकत घेता येईना, तेव्हा त्याने त्याच्या भिंती सजवावयास घेतल्या. दिव्यांच्या पाट्या, घड्याळे, दिनदर्शिका, आरसे यांवर हरणे, तळी, होड्या आणि पाइनची रांग दिसू लागली. शेजारच्या मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथील 'हॅम्स' या कारखान्याने १९५० नंतरच्या दशकात अस्वलाला आपले बोधचिन्ह केले आणि पुढे अशा प्रकाशित पाट्या तयार केल्या की त्यांवरील धबधबा, होडी आणि छावणीची शेकोटी हळूहळू सरकत डोळ्यांपुढून जात. पानगृहाच्या मालकाने शिकाऱ्यांनी दिलेली, भुसा भरलेली मुंडकी भिंतीवर आधीच टांगली होती. त्यांच्या शेजारी कारखान्याचे रान येऊन बसले. 'निसर्गाचे वातावरण असलेले पानगृह' हा जो प्रकार पुढे शहरांतून धंद्याची क्लृप्ती म्हणून पसरला, त्याची मूळ घडण अशी कायद्याच्या एका अटीतून आणि गिऱ्हाइकांच्या भेटींतून झाली. कोणी बसून योजिलेली नव्हती.

आता प्रत्यक्ष हंगामाकडे येऊ. उत्तर विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरच्या अखेरीस सायंकाळी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्याबरोबर शिकारीची कायदेशीर वेळ संपत येते. बंदूक बाळगून नशेत असणे हा राज्यात गुन्हा आहे. म्हणजे दिवसाचे शिस्तीचे तास आणि रात्रीचे मोकळे तास यांच्यामध्ये निसर्ग आणि कायदा या दोहोंनी मिळून एक रेषा आखलेली आहे. काळोख पडल्यावर झोपेपर्यंत चार-पाच तास उरतात. शिकारीचा तळ म्हणजे बहुधा एखादी लाकडी खोली, आणि तेथे तीच पाच-सहा माणसे. गावात उघडी राहणारी जागा एकच. दारावर बिअरच्या घाऊक विक्रेत्याने दिलेली, शिकाऱ्यांचे स्वागत करणारी कापडी पाटी असते. आत फळ्यावर सर्वांत मोठ्या नराच्या स्पर्धेत भाग घेणाऱ्यांची नावे असतात. प्रत्येकाने थोडी वर्गणी भरावयाची आणि वजनाने किंवा शिंगांच्या मापाने जो पहिला ठरेल त्याने ती रक्कम न्यावयाची, असा सर्वसाधारण नियम.

येथवर जे सांगितले ते थोड्याफार फरकाने मिशिगन किंवा पेन्सिल्व्हेनिया येथेही आढळेल. विस्कॉन्सिनमध्ये या चित्राला जो भक्कम आधार मिळाला तो शासनाकडून. १९५३ साली राज्याने असा नियम केला की, मारलेले प्रत्येक हरीण नोंदणी-केंद्रावर प्रत्यक्ष नेऊन नोंदविले पाहिजे. यामागे मोठा वाद होता. १९४० नंतरच्या दशकात हरणांची संख्या इतकी वाढली होती की हिवाळ्यात ती उपासमारीने मरत. विस्कॉन्सिन विद्यापीठातील प्राध्यापक आणि राज्याच्या संरक्षण आयोगाचे सदस्य आल्डो लिओपोल्ड यांनी माद्याही मारू द्याव्यात असा आग्रह धरला. आणि १९४३ साली तशी मुभा दिली गेली तेव्हा शिकारी-वर्गातून एवढा संताप उसळला की त्या हंगामाला लोक 'त्रेचाळीसचा गुन्हा' म्हणू लागले. लिओपोल्ड १९४८ मध्ये वारले. वाद मात्र शिल्लक राहिला, आणि तो मिटविण्यास आकडे हवे होते. किती मारले, नर किती, माद्या किती, कोणत्या वयाचे, हे अदमासाने सांगून कोणाचेच समाधान होत नव्हते.

परंतु हजारो चौरस मैलांत विखुरलेल्या शिकाऱ्यांसाठी केंद्रे उघडावयाची कोठे? सरकारी कचेऱ्या थोड्या, आणि त्या संध्याकाळी बंद. तेव्हा जी ठिकाणे रस्त्यावर होती, उशिरापर्यंत उघडी असत आणि ज्यांना गर्दी हवीच होती, त्यांना हे काम देण्यात आले : पेट्रोलचे पंप, शिकारीच्या सामानाची दुकाने, आणि मोठ्या संख्येने पानगृहे. साठ वर्षांहून अधिक काळ ही व्यवस्था चालली. गाडीच्या मागे हरीण टाकून शिकारी येई. आवारात माणसे जमत. कोणाच्या रानात, कोणत्या वेळी, किती अंतरावरून, हे सर्व विचारले जाई. गल्ल्यावरील माणूस किंवा बाई छापील अर्जावर लिंग, प्रौढ की पाडस, जिल्हा इत्यादी मजकूर भरी. निवडक केंद्रांवर राज्याचे जीवशास्त्रज्ञ जबडा उघडून दातांच्या झिजेवरून वय ठरवीत. या नोंदींच्या आधारेच हरणांच्या एकूण संख्येचे अनुमान बांधले जाई.

या प्रसंगाचा समाजशास्त्रीय अर्थ नीट पाहावा. अर्ज भरणे ही त्याची एक बाजू झाली. दुसरी बाजू अशी की, रानात एकट्याने, कोणी पाहत नसताना केलेली कृती येथे गावासमोर मांडावी लागे. शेजारी उभा असलेला शेतकरी ते हरीण कोणाच्या कुंपणाजवळ वावरत असे हे ओळखीत असे. खोटा जिल्हा सांगणे किंवा दुसऱ्याच्या परवान्यावर शिकार खपविणे अशक्य नव्हते, पण अवघड होते. आणि ही देखरेख करण्यासाठी राज्याला पगारी माणूस ठेवावा लागत नव्हता. मान आणि पडताळा या दोन्ही गोष्टी एकाच अंगणात, एकाच वेळी होत. मुलाचे पहिले हरीण नोंदविले गेले की तो शिकाऱ्यांत गणला जाई, आणि ही मान्यता देणारे लोक घरातले नसून गावातले असत. मार्शल क्लिनार्ड या विस्कॉन्सिनच्याच समाजशास्त्रज्ञांनी १९६२ साली सार्वजनिक पानगृहाचा एक सामाजिक संस्था म्हणून विचार केला होता. त्या दृष्टीने पाहता नोंदणीच्या दिवसांतील टॅव्हर्न हे त्या संस्थेचे अत्यंत विकसित रूप म्हणावयास हरकत नाही.

येथे शिकाऱ्यांच्या वर्गीकरणाचाही उपयोग होतो. ला क्रॉस येथील विद्यापीठातील रॉबर्ट जॅक्सन आणि रॉबर्ट नॉर्टन यांनी शिकाऱ्याच्या आयुष्यात पाच अवस्था येतात असे प्रतिपादन केले : प्रथम केवळ गोळी झाडण्याचा आनंद, मग ठरलेली संख्या पुरी करण्याची ईर्षा, मग मोठ्या शिंगांचा ध्यास, मग साधन व पद्धती यांची आवड, आणि शेवटी रान व सोबत यांचेच सुख. रानात या पाच अवस्थांची माणसे एकमेकांस भेटत नाहीत, पानगृहात भेटतात. स्पर्धेचा फळा तिसऱ्या अवस्थेतल्या माणसाची सोय करतो, आणि कोपऱ्यातले टेबल पाचव्या अवस्थेतल्याची. या सर्व व्यवस्थेत स्त्रियांचे स्थान कोठे, असा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारावा. दीर्घकाळ त्यांना 'हरणाच्या विधवा' असे थट्टेने म्हटले जाई, आणि नवरे रानात गेल्यावर त्यांच्यासाठीही पानगृहे व दुकाने निराळे कार्यक्रम ठेवीत. आता शिकार करणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढली आहे, पण थट्टा टिकून आहे.

जर्मनीशी तुलना केल्यास आणखी एक महत्त्वाचा दुवा हाती लागतो. तेथे १८४८ च्या क्रांतीनंतर शिकारीचा हक्क सरदारांकडून जमिनीच्या मालकीकडे आला. १९५२ च्या संघीय शिकार कायद्यानुसार किमान ७५ हेक्टर सलग जमीन असेल त्यालाच स्वतःचे शिकार-क्षेत्र मिळते; लहान शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून त्यांचे मंडळ ते क्षेत्र भाड्याने देते. साहजिकच आठ कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशात परवानाधारक चार लाखांहून थोडे अधिक. मारलेल्या प्राण्याचे मांस तेथे विकता येते, आणि गावच्या खाणावळीचा मालक हा त्याचा नेहमीचा ग्राहक. हाकेच्या शिकारीनंतर सर्वांनी एकत्र जेवावयाचे, बढाया मारावयाच्या, आणि खोट्या गोष्टी सांगणाऱ्याला गमतीची शिक्षा द्यावयाची, हा विधी त्याच खाणावळीत होतो. अमेरिकेत याच्या उलट. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी केलेल्या शिकारीने प्राण्यांचा जो संहार झाला त्याची प्रतिक्रिया म्हणून राज्याराज्यांनी रानटी मांसाची विक्री बंद केली, आणि १९०० सालच्या लेसी कायद्याने अशा मालाच्या आंतरराज्य व्यापारावर संघीय बंधन घातले. विस्कॉन्सिनच्या टॅव्हर्नला शिकाऱ्याचे हरीण विकत घेता येत नाही. भोजनपत्रिकेवर हरणाचे मांस दिसलेच तर ते पाळीव कळपातले असते.

म्हणजे एकीकडे शिकारी हा पानगृहाला माल पुरवितो, आणि दुसरीकडे तसे करण्यास त्याला बंदी आहे. माझ्या मते हीच बंदी अमेरिकेतील नात्याला त्याचे खास स्वरूप देते. हरणाला किंमत लावता येत नाही, म्हणून त्याची कथा होते, छायाचित्र होते, मुंडके होते, फळ्यावरचा आकडा होतो. पानगृह ज्याचा व्यवहार करते ती वस्तू मांस नसून प्रतिष्ठा आहे, आणि बिअर ही त्या व्यवहाराची सोबतीण. जाता जाता सांगावयाचे तर जर्मनीतही चिन्ह वस्तूपासून सुटते. वोल्फेनब्युटेलच्या कुर्ट मास्ट याने १९३५ साली बाजारात आणलेल्या 'येगरमाइस्टर' या वनस्पतींच्या मद्यावर संत ह्युबर्टसच्या आख्यायिकेतील क्रूसधारी सांबर आहे. आज ते पिणाऱ्या जगभरच्या तरुणांपैकी बहुतेकांनी बंदूक हातातही घेतलेली नसावी. अमेरिकन शहरांतील पानगृहांत २००० पासून 'बिग बक हंटर' नावाचा यंत्रावरील खेळ आला. त्यात पडद्यावरची हरणे मारावयाची असतात, आणि नोंदणीचा प्रश्न उद्भवत नाही.

या चित्रातील एक काळी बाजू टाळता येणार नाही. रान 'आपले' आहे असे पानगृहातील मंडळी म्हणतात तेव्हा ते कोणाचे? १८३७ आणि १८४२ च्या तहांत ओजिब्वे लोकांनी उत्तर विस्कॉन्सिनची भूमी देताना शिकार व मासेमारीचे हक्क राखून ठेवले होते, आणि १९८३ साली संघीय न्यायालयाने ते हक्क मान्य केले. त्यावर १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तळ्यांच्या काठांवर मासेमारी करणाऱ्या ओजिब्वे कुटुंबांविरुद्ध उग्र निदर्शने झाली, आणि त्या चळवळीसाठी पैसा उभारण्याकरिता 'ट्रीटी बिअर' या नावाने डबे विकण्यात आले. तिला कडवा विरोध झाला आणि ती फार काळ टिकली नाही. स्थानिक बिअर हे आपलेपणाचे चिन्ह आहे असे कौतुकाने लिहिणाऱ्यांनी हे प्रकरण वाचलेच पाहिजे. जे चिन्ह काहींना आत घेते ते इतरांना बाहेरही ठेवू शकते.

बिअर-कारखान्यांचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सबंध देशात शंभराहूनही कमी कारखाने उरले. लाइननकूगल १९८८ मध्ये मिलरने विकत घेतला. हॅम्सचा सेंट पॉल येथील कारखाना १९९७ मध्ये बंद पडला. नंतर लहान कारखान्यांची नवी पिढी आली. १९९३ मध्ये निघालेला न्यू ग्लॅरसचा कारखाना आपली बिअर विस्कॉन्सिनबाहेर विकतच नाही. मोठ्या कंपन्यांनी मात्र शिकाऱ्यांच्या नारिंगी रंगाचे डबे काढून हंगाम साधावयाचे ठरविले. भांडवल दूर गेले आणि चित्र तेवढे जवळ राहिले.

अधिक गंभीर बदल नोंदणीत झाला. २०१५ पासून राज्याने दूरध्वनीने किंवा संगणकावरून नोंद करण्याची पद्धत सुरू केली आणि प्रत्यक्ष केंद्राची सक्ती संपली. कारणे उघड होती : खर्च कमी, आकडे त्वरित, शिकाऱ्याला हेलपाटा नाही. पानगृहांचे आणि दुकानांचे मालक नाराज झाले ते धंद्यासाठी, असे म्हणून त्यांचे म्हणणे बाजूला सारणे सोपे आहे. पण अनेक शिकाऱ्यांनीही तीच तक्रार केली, आणि तिच्यात तथ्य आहे. २००१ च्या हंगामात माउंट होरेबच्या परिसरात मारलेल्या हरणांचे नमुने तपासल्यावरच फेब्रुवारी २००२ मध्ये हरणांच्या मेंदूला पोखरणारा व शरीर झिजविणारा रोग राज्यात पोचल्याचे उघडकीस आले. मिसिसिपीच्या पूर्वेस त्याचा तो पहिलाच आढळ होता. शिकारी हरीण घेऊन एका ठिकाणी येत होते म्हणून नमुने सहज मिळत. आता मुंडकी ठेवण्यासाठी रस्त्याकडेला स्वयंसेवेच्या पेट्या ठेवाव्या लागतात, आणि त्यांत टाकणे न टाकणे बहुतांशी शिकाऱ्याच्या मर्जीवर असते. दात पाहून वय ठरविण्यासाठी जीवशास्त्रज्ञांना निराळी सोय करावी लागते. परवानाधारकांची संख्याही घटत आहे. १९९० मध्ये बंदुकीचे परवाने जवळजवळ सात लाख होते.

काही पानगृहांनी स्वेच्छेने केंद्र चालूच ठेवले आहे. तेथे शिकाऱ्याला संगणकावर नोंद करून देतात, हरीण तराजूला टांगतात आणि फळ्यावर नाव लिहितात. वजनाचा तो आकडा आता कोणत्याही सरकारी दप्तरात जात नाही. तो जातो स्पर्धेच्या वहीत. आणि ज्या टॅव्हर्नमध्ये अशा वह्या जपून ठेवलेल्या असतील तेथे एखाद्या होतकरू संशोधकाने त्या अवश्य पाहाव्यात. दप्तराने टाकून दिलेली सामग्री त्यांत वर्षानुवर्षे साचत असेल.